कक्षेचा कल एकच, तरी स्थानकं शेजारी नाहीत

शुभांशु शुक्ला यांचं ॲक्सिअम-४ हे उड्डाण ११ जून २०२५ला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५:३०ला ठरलं होतं. ते लांबलं आणि झालं २५ जूनला, दुपारी १२:०१ला. चौदा दिवसांत वेळ ३२९ मिनिटं अलीकडे आली, म्हणजे रोज साडेतेवीस मिनिटं. जुन्या मापात जवळजवळ एक घटका. हा मुहूर्त पंचांगातून निघत नाही, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या (आयएसएस) कक्षेतून निघतो.

कक्षा म्हणजे पृथ्वीभोवती तिरकी धरलेली बांगडी समजा. आत पृथ्वी फिरते आहे. प्रक्षेपणतळ फिरत फिरत बांगडीखाली आला की उडायचं. बांगडी ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर असती, तर ही वेळ ताऱ्यांच्या उगवण्यासारखी रोज चारच मिनिटं अलीकडे आली असती. उरलेल्या वीस मिनिटांचं कारण पृथ्वीचं सुटलेलं पोट. तिची त्रिज्या विषुववृत्तावर ६,३७८ किमी आणि ध्रुवांवर ६,३५७ किमी आहे. स्थानक उत्तर गोलार्धात असताना हा २१ किमीचा फुगवटा त्याला किंचित विषुववृत्ताकडे ओढतो. त्यामुळे परतताना ते विषुववृत्त थोडं आधी, म्हणजे थोडं पश्चिमेला ओलांडतं. दक्षिणेकडून वर येतानाही तेच. एका फेरीत हे सरकणं साधारण ३६ किमी. दिवसाच्या साडेपंधरा फेऱ्यांत ५ अंश. कल, म्हणजे कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कोन, मात्र ५१.६ अंशांवरच राहतो. फिरता भोवरा डुलतो पण पडत नाही, तसं.

विषुववृत्त ओलांडण्याच्या या बिंदूंना पात म्हणतात. चंद्राच्या कक्षेचे क्रांतिवृत्तावरचे (सूर्याच्या आकाशातल्या वाटेवरचे) असेच दोन पात म्हणजे राहू आणि केतू. सूर्याच्या ओढीने ते १८.६ वर्षांत एक उलटी फेरी घेतात. आयएसएसचे पात सुमारे ७२ दिवसांत. कुंडलीत ज्यांची शांत करतात ते ग्रह नाहीतच, दोन प्रतलं (कक्षांच्या सपाट पातळ्या) एकमेकांना छेदतात तिथले बिंदू आहेत.

खासगी स्थानकांच्या बातम्यांत ‘आयएसएसचीच कक्षा’ असं वाचलं की आधी पात विचारावा. व्हास्ट कंपनीच्या हेवन-१ या खासगी स्थानकासाठी ५१.६ अंशांचा कल ठरला आहे, पण त्या कलाच्या बांगड्या हव्या तितक्या बसतात, प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे. दोघींच्या पातांत ९० अंशांचं अंतर असेल, तर प्रतलं एकमेकांशी ६७ अंशांचा कोन करतात. एकीवरून दुसरीवर थेट जायला वेगात सेकंदाला साडेआठ किमीचा बदल लागतो. स्थानकाचा स्वतःचा वेगच ७.७ किमी आहे! इतकं इंधन कुठलंही मालवाहू यान नेऊ शकत नाही.

स्वस्त वाट आहे, पण ती फार संथ आहे. पात सरकण्याचा वेग उंचीवरही अवलंबून असतो. यान ५० किमी खाली उतरवलं की ते रोज ०.१३ अंश जास्त सरकतं. उतरायला सेकंदाला २८ मीटर, पुन्हा चढायला तेवढेच. ९० अंश भरून निघायला मात्र जवळजवळ दोन वर्षं लागतात. स्थानकाला लागणारा कच्चा माल तोवर थांबेल, आजारी अंतराळवीर थांबणार नाही.

माणसं एका स्थानकावरून दुसऱ्यावर गेली ती एकदाच. मे १९८६मध्ये सोव्हिएत अंतराळवीर किझिम आणि सोलोव्योव सोयूझ टी-१५ यानातून मीर या सोव्हिएत स्थानकावरून सॅल्यूत-७ या जुन्या स्थानकावर गेले आणि जूनमध्ये तिथली उपकरणं घेऊन मीरवर परतले. हे जमलं, कारण मीर स्थानक पृथ्वीवरून उडवतानाच सॅल्यूतच्या प्रतलात सोडलं होतं.

भविष्यात स्थानकांचा शेजार हवा असेल, तर पहिला भाग उडवण्याचं मिनिट पाळावं लागेल. चार मिनिटं उशीर झाला की पात १ अंश चुकतो, आणि ५१.६ अंशांच्या कक्षेत ती चूक इंधनाने सुधारायला सेकंदाला सुमारे १०५ मीटर खर्ची पडतात.