क्रँक आणि बीबी बदलायची? आधी हे तपासून घ्या

पावसाळा सरला की आमच्याकडे एक मागणी हमखास येते: "रोड बाइकचा क्रँक बदलून वरच्या मालिकेतला बसवा." क्रँक म्हणजे पेडल ज्यावर बसतं तो दांडा आणि त्याला जोडलेल्या पुढच्या दातेरी चकत्या. तो बसवून देणं हे आमचं कामच आहे. पण आलेल्या सायकलींपैकी बहुतेकांना नवा क्रँक लागतच नाही. लागते ती नवी बीबी (बॉटम ब्रॅकेट), म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ते बेअरिंग, नाहीतर मागे मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच. दोन्ही कामं क्रँकसेटच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत होतात. म्हणून आधी घरीच थोडी तपासणी करून पाहा.

पेडल न पकडता क्रँकचा दांडाच घट्ट धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसरा हात पलीकडच्या क्रँकवर ठेवा. दोन्ही बाजू एकदम हलत असतील तर बीबी झिजली आहे किंवा तिचे कप (बेअरिंग धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वाट्या) सैल झाले आहेत. एकच बाजू हलते आणि दुसरी ठाम आहे, असं असेल तर तो क्रँक एक्सलवर ढिला झालाय, आणि तशी सायकल दुकानापर्यंतसुद्धा चालवत आणू नका. टोकं चौकोनी असलेला एक्सल स्टीलचा असतो, क्रँक ॲल्युमिनियमचा. ढिला क्रँक चालवत राहिलात की त्याचं चौकोनी भोक चेपत जातं. मग बोल्ट कितीही आवळा, दोन-चार राइडमध्ये पुन्हा ढिला. असा क्रँक मात्र बदलावाच लागतो.

आता चेन चेनरिंगवरून (पुढच्या दातेरी चकतीवरून) आतल्या बाजूला उतरवा आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. बोटांना खरखर किंवा अडखळ जाणवली तर बेअरिंग गेलं. नवी बीबी थोडी जड फिरते आणि क्रँक लगेच थांबतो. तो दोष नाही, सील घट्ट आणि ग्रीस ताजं असल्याचं ते लक्षण आहे.

नुसत्या कटकट आवाजावरून बीबीला दोष देऊ नका. पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, सीटपोस्ट, मागच्या चाकाचा स्क्यूअर (चाक फ्रेमला आवळणारी दांडी), सगळ्यांचा आवाज खालूनच आल्यासारखा वाटतो. सीटवरून उठून पेडल मारल्यावर आवाज बंद झाला, तर सीट किंवा सीटपोस्टकडे बघा.

क्रँक बदलायचं दुसरं कारण म्हणजे चढ. सिंहगड किंवा बोपदेव घाटात गुडघे भरून येतात, ही तक्रार अगदी खरी आहे, पण उपाय बहुतेक वेळा मागच्या चाकावर असतो. 50/34 क्रँक (पुढच्या दोन चेनरिंगचे दाते) आणि 11-28 कॅसेट (मागच्या सगळ्यात छोट्या आणि मोठ्या चकतीचे दाते) असेल, तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये मिनिटाला 60 फेरे मारायला ताशी 9 किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागतो. उभ्या चढावर तो राहत नाही, फेरे कमी होतात आणि भार गुडघ्यांवर येतो. कॅसेट 11-34 केली की तेच 60 फेरे ताशी साडेसात किलोमीटरला जमतात. त्यासाठी लांब केजचा, म्हणजे चेन ताणणारा हात लांब असलेला मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) लागू शकतो आणि चेनही थोडी लांब घ्यावी लागते. तरीही खर्च क्रँकपेक्षा कमी.

एवढ्यानेही भागत नसेल, तर 46/30 क्रँकचा विचार करू. पुढे 30 आणि मागे 34 दात्यांच्या गिअरला ताशी पावणेसात किलोमीटरलाही 60 फेरे बसतात. इथे एक अडचण आहे. असा क्रँक शिमानो कंपनीच्या जीआरएक्स (कच्च्या रस्त्यांसाठीच्या) मालिकेत येतो, आणि जीआरएक्स क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असते, त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्यावा लागतो. शिवाय छोट्या चेनरिंगसाठी डिरेलर खाली आणावा लागतो, आणि काही फ्रेमवर त्याची पट्टी तेवढी खाली येत नाही. सायकल समोर असल्याशिवाय आम्ही याची ऑर्डर घेत नाही.

वजनासाठी किंवा वेगासाठी बदलताय? चौकोनी एक्सलवरून शिमानोच्या हॉलोटेक 2 वर (यात जाड, पोकळ एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो) गेलात तर काही शे ग्रॅम वाचतात, पाय दाबल्यावर क्रँक जास्त ठाम वाटतो आणि पुढची सर्व्हिसिंग सोपी होते. फरक जाणवतो, पण घाट त्यामुळे सोपा होत नाही. शिमानोच्याच 105 मालिकेवरून वरच्या अल्टेग्रावर जाण्यात तर आमच्या मते पैसे घालूच नयेत. तेच पैसे चांगल्या टायरवर घाला.

क्रँकची लांबी मात्र गांभीर्याने घ्या. उंची कमी असेल आणि सायकलला 172.5 मिलिमीटरचा क्रँक असेल, तर 165 किंवा 170 केल्याने मांडी वर येताना कंबरेत होणारी कोंडी कमी होते. जितका क्रँक कमी कराल तितकी सीट वर घ्यावी लागते. हा बदल आम्ही मनापासून सुचवतो.

बीबी घेताना फ्रेम कोणती ते आधी बघावं लागतं. इथल्या बऱ्याच रोड बाइकना 68 मिलिमीटरचं, आट्यांचं बीएसए शेल (बीबी बसते ती फ्रेमची नळी) असतं. त्यात उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. हे माहीत नसताना घरी जोर लावला की फ्रेमचे आटे जातात. हॉलोटेक 2 चे कप 35 ते 50 न्यूटन-मीटरला आणि डाव्या क्रँकचे दोन बोल्ट 12 ते 14 ला आवळायचे असतात. टॉर्क रेंच नसेल तर हे काम घरी करू नका. प्रेसफिट फ्रेमला (जिथे बीबी आट्यांशिवाय दाबून बसवतात) योग्य प्रेस लागतो, हातोडा चालत नाही.

जुना अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस क्रँक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर थांबा. शिमानोने सप्टेंबर 2023 मध्ये जुलै 2019 पूर्वी बनलेल्या 11-स्पीड क्रँकसाठी तपासणी मोहीम जाहीर केली, कारण चिकटवलेले भाग सुटून क्रँक तुटू शकतो. मॉडेल एफसी-6800, आर8000, 9000, आर9100 आणि आर9100-पी. नंबर क्रँकच्या आतल्या बाजूला असतो. यातला क्रँक तुमच्या सायकलवर असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घ्या.

नवी बीबी बसवल्यावर ती टिकवणं तुमच्याकडे. स्कूटर धुतात त्या प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका, पाणी सीलच्या आत शिरतं. भर पावसातल्या ताम्हिणीच्या राइडनंतर सीटपोस्ट काढून सायकल रात्रभर उलटी ठेवा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी निघून जाईल. सीटपोस्टची उंची आधी टेपने खूण करून ठेवा.