झोपेतही कान जागेच

पुण्यात विमाननगर-लोहगावात राहणाऱ्यांना विमानांच्या आवाजाबद्दल विचारलं, की बहुतेक जण म्हणतात, ‘सवय झालीय हो, आता जाणवतसुद्धा नाही.’ कर्वे रस्त्यावरची मंडळी हॉर्नबद्दल हेच सांगतात. हे अर्धंच खरं आहे. आवाजाने जाग न येण्याची सवय होते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मात्र ती फारशी होत नाही.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. गाढ झोपेतही अंतर्कर्णातल्या केसपेशी कंपनांचे विद्युतसंदेश करून मेंदूकडे धाडत राहतात. थॅलॅमस हे मेंदूतलं संदेशांचं नाकं त्यातले बरेच अडवतं, मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे जाणीव होणाऱ्या वरच्या थरापर्यंत, पोचू देत नाही, म्हणून आपण झोपलेले राहतो. पण थॅलॅमसपासूनच एक आडवाट अमिग्डालाकडे जाते आणि ती बाह्यकाला विचारत नाही. धोका ओळखणारा हा भाग रात्रपाळीच्या वॉचमनसारखा जागाच असतो. तिथून इशारा हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या नियंत्रण केंद्राला, पुढे शरीराला सावध करणाऱ्या सिम्पथेटिक चेतासंस्थेला. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं स्रवतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. सकाळी यातलं काहीही आठवत नाही!

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत 10 ते 20 टक्के उतरतो, आणि हृदयाची खरी विश्रांती तीच. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या चार विमानतळांजवळच्या 140 जणांचा रक्तदाब रात्रभर मोजला होता. विमान गेलं की वरचा आकडा सरासरी सहाने चढे, माणूस झोपेत असला तरीही.

‘रोज दोन तास मौन पाळा, मेंदूत नव्या पेशी तयार होतात’ हा फॉरवर्ड 2013 च्या एका प्रयोगावरून निघालाय. तो प्रयोग उंदरांवरचा होता. माणसांत असं सिद्ध झालेलं नाही, आणि त्या भरवशावर मौन-शिबिरं विकणं मला चुकीचं वाटतं.

आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलची मोजपट्टी लॉगॅरिदमची असते, त्यामुळे 55 म्हणजे 45 च्या दहापट ध्वनिऊर्जा. खिडकीच्या फटी बुजवून दहा डेसिबल कमी झाले, तरी तो फरक लहान नाही. पहाटे वेताळ टेकडीवर जरूर जा, पण त्याआधी पलंग रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवा. घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मागची खोली आधी त्यांना द्या.