शोधकाम आणि व्हेलॉसिटी (ॲजाइल पद्धती)

ॲजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, सॉफ्टवेअर तयार करणारा संघ काम ठरावीक मुदतीच्या खेपांत करतो; अशा खेपेला स्प्रिंट म्हणतात. वापरणाऱ्याच्या गरजेतून आलेल्या कामाच्या छोट्या तुकड्याला स्टोरी म्हणतात आणि तिचा अंदाजे आकार पॉइंटांत मोजतात. संघ एका स्प्रिंटमध्ये पूर्ण केलेल्या स्टोरींच्या पॉइंटांची जी बेरीज मांडतो, तिला व्हेलॉसिटी म्हणतात. एखाद्या स्टोरीचा आकार ठरवण्यापुरतीही माहिती हाताशी नसेल, तर ती मिळवण्यासाठी आधी मर्यादित वेळेचे शोधकाम हाती घेतात. त्याला स्पाइक असे नाव आहे. बाहेरची एखादी पेमेंट सेवा आपल्या प्रणालीला जोडता येईल का, किंवा एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) अपेक्षित भार पेलेल का, यांसारख्या प्रश्नांसाठी स्पाइक योजतात. स्पाइकमधून ग्राहकाला वापरता येण्यासारखे काही तयार होत नाही. हाती येते ते एक उत्तर आणि बहुधा टाकून देण्याजोगा कोड. मात्र संघाचा वेळ त्यात खरोखर खर्च होतो, आणि म्हणूनच त्याचा हिशेब व्हेलॉसिटीत कसा धरावा याबद्दल मतभेद आहेत.

स्पाइक आणि व्हेलॉसिटी या दोन्ही कल्पना एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या ॲजाइल पद्धतीतून रूढ झाल्या. या पद्धतीची घडण केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम आणि रॉन जेफ्रीज यांनी १९९० च्या दशकात केली व क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीच्या प्रकल्पात ती आकाराला आली. मागील खेपेस जेवढे काम पुरे झाले तेवढेच पुढच्या खेपेस अंगावर घ्यावे, या तिच्या नियमाला ‘कालचे हवामान’ म्हणत. स्क्रम या दुसऱ्या ॲजाइल चौकटीची अधिकृत पुस्तिका असलेल्या ‘स्क्रम गाइड’च्या २०२० च्या आवृत्तीत मात्र व्हेलॉसिटी, स्टोरी पॉइंट किंवा स्पाइक यांपैकी कशाचाही उल्लेख नाही, त्यामुळे या वादात तिचा आधार कोणत्याच बाजूला घेता येत नाही.

स्पाइकला पॉइंट देऊ नयेत, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद मुख्यतः अंदाजाच्या गणितावर उभा आहे. समजा, एक संघ दर स्प्रिंटला सरासरी २४ पॉइंटांच्या स्टोरी आणि ६ पॉइंटांच्या तोडीचे शोधकाम पुरे करतो, आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, २४० पॉइंटांच्या स्टोरी शिल्लक आहेत. शोधकाम वगळून व्हेलॉसिटी २४ धरली तर १० स्प्रिंट लागतील असे उत्तर येते, आणि पुढेही शोधकाम याच प्रमाणात निघेल असे मानल्यास त्यासाठी लागणारा वेळ या उत्तरात आपोआप सामावलेला असतो. शोधकामासह व्हेलॉसिटी ३० धरून त्याच २४० ला भागले, तर उत्तर ८ येते व ते दोन स्प्रिंटांनी फसवे असते. कारण पुढे उद्भवणारे स्पाइक अजून बॅकलॉगमध्ये लिहिलेलेच नसतात. वादाचे मर्म येथे आहे: व्हेलॉसिटीत जे मोजले, ते उरलेल्या कामातही मोजले गेले पाहिजे.

हे पथ्य पाळले जात असेल, तर पॉइंट देण्याची पद्धतही चुकीची ठरत नाही. सेफ (SAFe) या मोठ्या संस्थांसाठीच्या ॲजाइल चौकटीत स्पाइक ही एक प्रकारची एनेबलर स्टोरी, म्हणजे पुढच्या कामाची वाट मोकळी करणारी स्टोरी, मानली जाते आणि इतर स्टोरींप्रमाणे तिचाही अंदाज बांधला जातो. तरीही एक अडचण उरते. पॉइंट हे सापेक्ष आकाराचे माप आहे, तर स्पाइकची मर्यादा वेळेने आखलेली असते; दोन दिवसांच्या शोधाला तीन पॉइंट द्यायचे म्हणजे पॉइंटांना तासांच्या कोष्टकात बसवणेच होय.

म्हणून पुष्कळ संघ मधला मार्ग पत्करतात. स्प्रिंटचे नियोजन करताना स्पाइकसाठीचे दिवस उपलब्ध क्षमतेतून आधीच वजा करतात, स्पाइक बोर्डावर इतर कामांबरोबर दिसतो, पण बेरजेत येत नाही. प्रकल्पाच्या आरंभी शोधकाम दाटीने येते व नंतर ओसरते, अशा वेळी ही पद्धत विशेष उपयोगी पडते; कारण सुरुवातीच्या स्प्रिंटांची कमी व्हेलॉसिटी तशीच पुढे ओढली, तर अंदाज उलट्या दिशेने चुकून नको तितका लांबतो.

शून्य पॉइंटांना होणारा विरोध पुष्कळदा गणितातून येत नाही. व्यवस्थापन व्हेलॉसिटीकडे कामगिरीचे गुण म्हणून पाहू लागले, की शोधात गेलेला आठवडा आलेखावर खड्ड्यासारखा दिसतो आणि संघ त्याचे श्रेय पॉइंटांत मागू लागतो. ही मागणी समजण्यासारखी असली, तरी तिचे कारण मापाच्या गैरवापरात आहे. ज्या संघांचे बहुतांश कामच शोधाचे असते, उदाहरणार्थ मशीन लर्निंगचे प्रारूप घडवणारे गट, त्यांच्याबाबत मात्र कोणत्याही पद्धतीने काढलेली व्हेलॉसिटी फारसे काही सांगत नाही. असे गट कानबान या कामाच्या प्रवाहावर लक्ष ठेवणाऱ्या पद्धतीतील सायकल टाइमचा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या कालावधीचा, आधार घेऊ शकतात.