माळवद गेलं, त्याच्या जागी काय आलं

किल्लारीच्या भूकंपाआधी लातूर-उस्मानाबादचा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे घर बांधताना विचार उन्हाचा आणि चोराचा. गढ्या-वाड्यांची परंपरा फार जुनी, कुणब्याचं घरही त्याच पद्धतीचं: दोन-अडीच फूट जाडीची दगड-मातीची भिंत, लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, म्हणजे माळवद. मे महिन्यात पारा 42 वर गेला तरी दुपारी आत झोप लागायची.

मिरगाआधी गळती नको म्हणून माळवदावर नवी पांढरी टाकायची. जुनी खरवडून काढायचं राहूनच जायचं. थर वाढत गेला, वजनही. त्यात भिंतीची दोन तोंडं, आतलं आणि बाहेरचं, मध्ये भराव. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ही तोंडं सुटली. सुमारे 8 हजार माणसं गेली, बहुतेक दगडा-मातीखाली. अनेक घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा उभा होता, पण याकडे तेव्हा कोण बघणार?

खरा वाद पुनर्वसनाचा. 52 गावं नव्या जागी हलवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं, सरळ रुंद रस्ते. काही ठिकाणी तर घुमटाकार घरं. गावं हलवा हा आग्रह लोकांचाही होता, हे विसरून चालणार नाही. जुन्या जागेची धास्तीच तशी होती. पण ढेळज (दारातली बसायची जागा) गेली, गल्ली गेली, शेत लांब पडलं. जनावर बांधायचं कुठं, कडबा रचायचा कुठं, हे आराखड्यात नव्हतंच. मग लोकांनी नव्या घराला लागून कुडं, पत्र्याची शेडं उभी केली.

दुसरा मार्ग होता: माळवदावरची माती कमी करायची, भिंतीला आरपार भोक पाडून सळई-काँक्रीट भरायचं, खांब-तुळईला तिरपे टेकू द्यायचे. स्वस्त आणि पुरेसा. हलवलेल्या गावांबाहेर दुरुस्ती-मजबुतीसाठी मदतही होती, पण बहुतेकांनी त्यातून एक नवी खोली बांधली. माळवदाचा विश्वासच उडाला होता. सागाची लाकडं विकली गेली.

2002 मध्ये नकाशा सुधारला आणि हा भाग मध्यम धोक्याच्या तिसऱ्या श्रेणीत आला. तोवर गावोगाव पत्रा पोचलेला: हलका, भूकंपाला बरा, उन्हाळ्यात भट्टी. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर लोक दगड ठेवतात. मार्च 2024 मध्ये हिंगोली भागात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा शेजारच्या नांदेडात प्रशासनानं पहिली सूचना काढली ती पत्र्यावरचे दगड उतरवण्याची.