सलाईन किती, नॉरअ‍ॅड्रेनलिन कधी?

"डॉक्टर, एक सलाईन तरी लावा," ही विनवणी आपल्या गोव्यात पावसाळाभर ऐकू येते. सलाईनने ताकद येते हा समज फार पक्का आहे. खरं तर एक लिटर नॉर्मल सलाईन म्हणजे पाणी आणि ९ ग्रॅम मीठ, उष्मांक शून्य. जुलाबाने कोरड्या पडलेल्या माणसाला ते वाचवतं, यात शंका नाही. पण लेप्टोचा किंवा न्यूमोनियाचा संसर्ग रक्तदाब कोसळण्यापर्यंत गेला, म्हणजेच सेप्टिक शॉक झाला, की हिशेब बदलतो.

शरीरातलं सुमारे ७० टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं, पण ते सगळंच हृदयाकडे ढकललं जात नाही. कुळागरातली तळी आठवा. पाटाचं तोंड तळापासून हातभर वर असेल, तर त्याखालचं पाणी पोफळींच्या वाट्याला येत नाही. वाहतं ते तोंडाच्या वरचं. शिरांचंही तसंच. बरंचसं रक्त त्यांना नुसतं भरण्यात जातं. भिंती ताणून हृदयाकडे जोर लावतं ते वरचं थोडंसं. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने शरीराचा तोल असा बिघडतो तेव्हा, नायट्रिक ऑक्साइड अतोनात तयार होतं, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात आणि तळी रुंदावते. रक्त तेवढंच, पण पातळी पाटाच्या तोंडाखाली गेलेली. त्यात वाहिन्यांच्या आतलं ग्लायकोकॅलिक्स नावाचं नाजूक अस्तर झिजतं, म्हणजे तळीला गळतीही लागते.

मग एक तर पाणी ओतायचं, नाही तर काठ आवळायचे. सलाईन पहिलं काम करतं, पण त्यातला मोठा भाग तासा-दोन तासांत ऊतींमध्ये झिरपतो. फुप्फुसात साचला तर श्वास कोंडतो. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे शिरेतून द्यायचं औषध दुसरं काम करतं. ते स्नायूंवरच्या अल्फा-१ रिसेप्टरांना, म्हणजे औषधाचा संदेश झेलणाऱ्या जागांना, चिकटतं, धमन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला त्याचं शिरांवरचं काम जास्त विलक्षण वाटतं. शिरा आवळल्या की निपचित पडून असलेलं रक्त कामाला लागतं, बाहेरून थेंबही न घालता हृदयाकडे जास्त रक्त पोहोचतं. मात्र मुळात रक्तच कमी असेल आणि नुसतं आवळत गेलं, तर बोटं आणि आतडी उपाशी राहतात.

२०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं पहिल्या ३ तासांत किलोमागे किमान ३० मिलीलिटर द्रव सुचवतात. ६० किलोच्या माणसाला १८०० मिलीलिटर. सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) ६५च्या खाली राहिला तर नॉरअ‍ॅड्रेनलिन. त्यापुढे काय, यावर अमेरिकेत क्लोव्हर्स नावाची चाचणी झाली. १५६३ रुग्णांपैकी निम्म्यांना द्रव सढळ हाताने, बाकीच्यांना कमी द्रव आणि औषध लवकर. पहिल्या २४ तासांत दोन गटांच्या द्रवात साधारण २ लिटरचा फरक होता. ९० दिवसांतले मृत्यू: औषध लवकर देण्यात १४ टक्के, सढळ द्रवात १४.९ टक्के. म्हणजे ठोस फरक नाही. मात्र आफ्रिकेतल्या तापाने गंभीर झालेल्या मुलांवरच्या २०११च्या फीस्ट चाचणीत झपाट्याने द्रव दिलेल्या गटांत मृत्यू स्पष्टपणे जास्त झाले.

क्लोव्हर्सवरून "सलाईन नकोच" असा निष्कर्ष काढणारे संदेश फिरतात, ते चूक आहेत. त्या रुग्णांना चाचणीत घेण्याआधीच १ ते ३ लिटर द्रव मिळालेला होता. आणि ताप उतरेना म्हणून दृष्ट काढत बसलेल्या घरांना तर हा वाद लागूच होत नाही. शॉकमध्ये प्रतिजैविक तासाभरात शिरेत जायला हवं. रुग्ण बरळू लागला, लघवी कमी झाली की थेट १०८ लावा.

पुढची बाटली लावावी का, हे अतिदक्षता विभागात पाय उचलून पाहतात. रुग्णाला आडवं करून पाय ४५ अंशांत वर धरले की पायांतलं सुमारे ३०० मिलीलिटर रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं तर द्रवाचा उपयोग होईल. नाही वाढलं तर पाय खाली ठेवायचे, बाटली बाजूला ठेवायची आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप थोडा वाढवायचा.