प्रश्नानंतरचे तीन सेकंद

वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची किती वेळ वाट पाहतात? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतली ध्वनिमुद्रणे तपासून हे मोजले, तेव्हा सरासरी निघाली जेमतेम एक सेकंद. तीच वाट तीन सेकंदांवर नेली, तर उत्तरे लांबली, त्यांत कारणे येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलली.

गोव्यातल्या महाविद्यालयात या जास्तीच्या दोन सेकंदांचे मोल फार आहे. सत्तरी, पेडणे, काणकोणातून येणारी कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीत शिकून पाचवीपासून इंग्रजीकडे वळलेली असतात. इंग्रजी प्रश्न ऐकायचा, आपल्या भाषेत उलगडायचा, उत्तर जुळवून पुन्हा इंग्रजीत आणायचे. तोवर पुढच्या बाकावरचा हात वर गेलेला असतो. महिनाभर हेच घडले की ‘ही जागा आपली नव्हे’ असे मनात बसते. त्यावर साधा उपाय आहे. प्रश्न फळ्यावर लिहावा, दोन मिनिटे शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोलू द्यावे, मग उत्तर मागावे. विज्ञान-गणिताच्या 225 अभ्यासांचा 2014 साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण 33.8 टक्के होते, तर मुलांना असे कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के.

‘सुरुवातीला परके वाटणे सगळ्यांनाच होते आणि ते ओसरते’ एवढे नीट पटवल्यानेही फरक पडतो, हे वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली दाखवले. तासाभराच्या उपक्रमाचा परिणाम कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर तीन वर्षे दिसला. पण पुढे 22 संस्थांत तो करून पाहिल्यावर कळले, की जिथे अशा मुलांना सामावून घेणारे वातावरण खरेच आहे, तिथेच तो लागू पडतो. म्हणून स्वागत समारंभातल्या भाषणापेक्षा अभ्यासक्रमाची आखणी मला महत्त्वाची वाटते.

आखणीत सर्वाधिक लक्ष पहिल्या चाचणीकडे द्यावे. पहिले गुण चतुर्थीच्या सुट्टीनंतर हाती पडले, तर सत्र बरेचसे सरलेले असते आणि सुधारायला वाव उरत नाही. तिसऱ्या आठवड्यात पाच गुणांची छोटी चाचणी घ्यावी आणि सात दिवसांत पेपर परत द्यावा. ‘अभ्यास वाढवा’ या शेऱ्याने काहीच कळत नाही. ‘सूत्र बरोबर, एकके चुकली, उदाहरण 4 पुन्हा सोडवून दाखव’ असे लिहिले, की मुलाला पुढची पायरी दिसते. प्रत्येक असाइनमेंटवर तीन गोष्टी छापाव्यात: हे कशासाठी, नेमके काय करायचे, गुण कशाला.

मुदत रात्री 11.59 ची नको. तिने झोप जाते, आणि गावात नेटवर्क नसलेल्याचे काम आदल्या दिवशी तयार असूनही अडकते. दुपारी चारची ठेवली तर कॉलेजचे वायफाय वापरता येते, संध्याकाळची बसही चुकत नाही. पावसात वीज जातेच, तेव्हा सत्रात एकदा, कारण न विचारता, 48 तासांची सवलत सगळ्यांनाच द्यावी. ती मागून मिळणार असेल, तर नेमकी लाजणारी मुले मागत नाहीत.

गट शिक्षकांनी पाडावेत, चौघाचौघांचे. मुलांवर सोडले की उरलेल्यांचा एक गट होतो, आणि आपण उरलेलो आहोत हे त्यांना वर्गासमोर कळते. गट किमान सहा आठवडे तोच राहावा, लिहिण्याचे आणि बोलण्याचे काम मात्र पाळीपाळीने फिरावे.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेले नोट्सचे फोटो स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) बहुधा नीट वाचता येत नाहीत; टाइप केलेली फाइल येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे आहेत, त्यांतली कित्येक पाहून ओळखू येत नाहीत. तेव्हा कोणी प्रमाणपत्र आणेपर्यंत न थांबता अशी फाइल सर्वांनाच द्यावी.

सत्राच्या सुरुवातीला मुलांना अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक द्यावे आणि त्याच्या पहिल्या पानावर शिक्षकांच्या भेटीची वेळ, समुपदेशकाची खोली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक छापावा. तो क्रमांक पहिल्या तासाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा.