यूव्हीच्या दिव्याखाली परजीवी: डीएनए दुरुस्तीची पार्श्वभूमी

नागपूरच्या नळांना पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी येते. पुढे बऱ्याच घरांत ते यूव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, फिल्टरमधून जाते. या दिव्याने जंतू जळून मरतात, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण डीएनएच्या साखळीतील शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटवतात. डीएनएची प्रत काढणारे एन्झाइम या गाठीपाशी अडते. जीव जागच्या जागी जिवंत असतो, पण त्याची संख्या वाढत नाही. म्हणूनच सगळा प्रश्न एवढाच उरतो: ही गाठ त्याला, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया या जुलाब करणाऱ्या एकपेशीय परजीवींना, सोडवता येते का?

गाठ सुटते, हे 1949 साली कळले. अल्बर्ट केल्नर यांना अतिनील किरणांनी निकामी झालेले सूक्ष्मजीव साध्या दृश्य प्रकाशात ठेवल्यावर पुन्हा वाढताना दिसले. फोटोलायेझ नावाचे एन्झाइम निळ्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन गाठ जागीच उकलते. 1964 मध्ये अंधारातली दुरुस्तीही उलगडली. तिच्यात बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या साखळीवरून रिकामी जागा भरतात. जिवाणू साधारण 12-13 न्यूक्लिओटाइडचा (साखळीतल्या एकेका दुव्याचा) तुकडा कापतात, तर केंद्रक असलेल्या पेशी, म्हणजे आपल्या आणि या परजीवींच्याही, 24 ते 32 न्यूक्लिओटाइडचा. याच विषयावरच्या कामासाठी लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना 2015 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यूव्हीने पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचा पहिला मोठा प्रयोग 1910 साली फ्रान्समधील मार्सेय शहरात झाला, पण विसाव्या शतकावर राज्य केले ते क्लोरीननेच. 1958 साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली (1974 पासून ती ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते), तेव्हा क्रिप्टोस्पोरिडियम माणसाला बाधतो हे कुणाच्या गावीही नव्हते. टायझर यांनी 1907 मध्येच हा परजीवी उंदरात पाहिला होता, पण माणसातील पहिल्या रुग्णांची नोंद व्हायला 1976 उजाडले. त्याचा जाड कवचाचा ऊसिस्ट, म्हणजे पाण्यातून पसरणारे अंड्यासारखे रूप, 4 ते 6 मायक्रोमीटरचा असतो आणि क्लोरीनला दाद देत नाही. हजारातले 999 ऊसिस्ट निकामी करायला पाण्यात 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) क्लोरीन सतत राखले, तरी 15,300 मिनिटे लागतात, म्हणजे साडेदहा दिवस. 1993 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात अंदाजे 4,03,000 लोक याच परजीवीने आजारी पडले.

इतके होऊनही यूव्हीकडे कुणी वळले नाही, कारण मोजमापच चुकत होते. ऊसिस्ट मेला की नाही हे रंगद्रव्य आत शिरते का, किंवा कवच फुटून आतले चार स्पोरोझोइट (संसर्ग करणाऱ्या पेशी) बाहेर येतात का, यावरून ठरवत. यूव्हीने कवचाला किंवा पेशीच्या पडद्याला फारसा धक्का लागत नाही. त्यामुळे प्रचंड मात्रा देऊनही ऊसिस्ट ‘जिवंत’ दिसायचे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तेच ऊसिस्ट उंदरांच्या पिलांना पाजून पाहिले, तेव्हा अगदी थोड्या मात्रेतही संसर्ग होत नसल्याचे दिसले. या एका चाचणीने सगळा हिशोब बदलला. 2006 च्या अमेरिकी नियमात 99.9 टक्के घट मिळवण्यासाठी क्रिप्टोस्पोरिडियमला 12 आणि जिआर्डियाला 11 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढी मात्रा धरली आहे. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ: 1 मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रतेखाली 12 सेकंद.

मग दुरुस्तीची शंका आली, आणि ती रास्तच होती. जपानी संशोधकांनी यूव्ही दिलेले ऊसिस्ट उजेडात आणि अंधारात ठेवून गाठी मोजल्या. दोन्हीकडे गाठी कमी झाल्या, म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा चालू होती, पण संसर्गक्षमता काही परत आली नाही. जिआर्डियाच्या बाबतीत 2002 मध्ये 16 आणि 40 मिलिज्यूलच्या मात्रा तपासल्या गेल्या. त्यानंतरही ना उजेडात उभारी दिसली, ना अंधारात. जिवाणूंचे मात्र तसे नाही. ई. कोलाय अर्धवट मात्रेनंतर उजेडात सावरतो, म्हणून यूव्हीचे पाणी खिडकीतल्या पारदर्शक बाटलीत साठवू नये. या पाण्यात क्लोरीनसारखा शिल्लक पहारेकरीही नसतो.

घरात मात्रा कमी का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. 1 सेंटिमीटर पाण्यातून 95 टक्के किरण पार होत असतील, तर 5 सेंटिमीटरवर 77 टक्के पोचतात. हेच प्रमाण 80 टक्क्यांवर घसरले, तर 33 टक्केच पोचतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात नेमके हेच होते, शिवाय मातीच्या कणाआड लपलेल्या ऊसिस्टला सावली मिळते. म्हणून यूव्हीच्या आधी गाळणी हवीच. बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थर धरतात. तिथे साधी काच चालत नाही, ती 254 नॅनोमीटरचे किरण अडवते. दिवा 8,000 ते 9,000 तासांनी कमजोर होतो, पण निळा उजेड तसाच दिसत राहतो. डोळ्यांना दिसणाऱ्या त्या उजेडावरून जंतुनाशक किरणांचा अंदाज लागत नाही, तेव्हा तासांची नोंद ठेवूनच दिवा बदलावा. नळी साफ करताना आधी वीज बंद करावी, सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात थर विरघळू द्यावा आणि पुसल्यावर काचेला बोटे लावू नयेत.